वर मारायचं नाही

साहेबराव आबांच्या घरात पंचांग आलं ते बॅडमिंटनमुळं.

त्यांच्या सुनेनं, जयवंताबाईंनी, ते इंदापूरच्या बाजारातून आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला टांगलं, तेव्हा आबांनी तोंडाशी नेलेली बशी खाली ठेवली. बुद्धाचा धर्म घेतला त्या वर्षी आबांनी घरातले देव, टाक, तळी-भंडारा असं सगळं एका पाटीत भरून भीमेत सोडलं होतं आणि मागं वळून न बघता घरी आले होते. त्या घरात आज तीस-पस्तीस वर्षांनी सूनबाई खिळा ठोकत होती.

“सूनबाई, हे काय हाय?”

“पंचांग, आबा.”

“ते दिसतंय मला. डोळं गेलं न्हाईत आजून. आपल्या घरात कशापायी?”

“लग्नाच्या तिथी बघायला.”

“कुनाचं लगीन?”

“सगळ्या गावाचं,” जयवंताबाई म्हणाल्या आणि भाकरीच्या पिठाला बसल्या.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. शाळेचं मैदान म्हणजे खडे आणि वारा. बॅडमिंटनचं फूल इकडून मारलं की वारा त्याला कुठं नेऊन टाकील याचा नेम नाही. गावातल्या मंगल कार्यालयाच्या मालकाची मुलगी पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्या ओळखीवर मालकानं सांगितलं होतं, लग्न नसेल त्या दिवशी सकाळी हॉल वापरा. पण कुठल्या दिवशी लग्न आहे हे मालक आदल्या रात्रीपर्यंत सांगत नसे. पोरी पहाटे उठून शेळगाव, निमगावहून एसटीनं यायच्या आणि दारात मांडव बघून परत फिरायच्या. तेव्हा तिथी आपणच बघून ठेवलेल्या बऱ्या.

“म्हंजी भटजीचा मुहूर्त नसंल तवा तुझा मुहूर्त,” आबा म्हणाले.

“तसंच.”

आबा दोन दिवस पंचांगाकडं पाठ करून जेवले. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून दाराआड उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, “सूनबाई, उद्या तुझं काय जमत न्हाय. उद्या ह्यांची दांडगी तीथ हाय.”

तेव्हापासून ते काम आबांकडंच राहिलं.

जयवंताबाई मूळच्या काटेवाडीच्या. बारामतीच्या कॉलेजात असताना मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या कोर्टवर त्या बॅडमिंटन शिकल्या. पुण्याला खेळाच्या शिक्षकाची पदवी घ्यायला गेल्या. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी त्यांचं नाव लागलं त्याच महिन्यात समाधानचं स्थळ आलं. मुलगा पाटबंधारे खात्यात कारकून, निर्व्यसनी. नाव लागलं तसं खोडलं गेलं. लग्नानंतर ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवलेली रॅकेट सासूबाईंच्या हाताला लागली, तेव्हा त्यांनी ती उजेडात धरून विचारलं होतं, “ही चाळण कशाची म्हनायची?” सासूबाई आता नव्हत्या. रॅकेट होती, पण तिची जाळी तीनदा बदलून झाली होती.

कार्यालय म्हणजे लांबट हॉल. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. लग्नाला आलेल्या तीन बायका एकमेकींच्या खांद्यावर उभ्या राहिल्या असत्या तर तिसरीचं डोकं पत्र्याला लागलं असतं, एवढीच उंची. त्यातही पंखे लोंबत असत. फरशीवर रंगाच्या रेघा मारायला मालकानं नकार दिला, कारण वऱ्हाडी विचारतात हे काय आखलंय. म्हणून फरशीच्या फटीच रेघा झाल्या. नेटपासून इतकीवी फट म्हणजे सर्व्हिसची रेघ, भिंतीपासून दुसरी फट म्हणजे मागची. नव्या पोरीला ते कळायला आठवडा लागे; मग झोपेतही विसरत नसे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पायाखाली अक्षता यायच्या आणि पाय सरकायचा, म्हणून आधी झाडू मारायचा आणि मग खेळायचं.

पहिल्याच महिन्यात कुणीतरी फूल उंच उडवलं, ते पंख्यावर अडकलं आणि बांबूनं काढताना पातं वाकलं. मालक धावत आला. “बाई, माझं पातं वाकलं ते वाकलं. उद्या नवरीचा बाप मला वाकवील त्याचं काय?”

त्या दिवसापासून जयवंताबाईंनी नियम केला. वर मारायचं नाही. पत्र्याला फूल लागलं, पॉइंट समोरच्याचा.

आणि त्या नियमातून त्यांनी एक सगळा खेळ उभा केला. वर जाता येत नाही तर खालून जायचं. फूल नेटच्या वरून एक वीत जाईल असं सपाट मारायचं, जोरात, समोरच्याच्या अंगावर. तिनं कसंबसं परत दिलं की नेटजवळ सोडायचं. हे त्या पोरींना घरातल्या भाषेत शिकवत. “ड्रॉप म्हणजे फेकणं नव्हे गं. तव्यावर भाकरी टाकतेस ना? आपटतेस का ती? मग हे पण ठेवायचं. नुसतं ठेवायचं.” सपाट फटक्याला म्हणत, “माशी उडवल्यासारखा हात नको, कोपर अंगाशी, मनगटानं. उलथनं फिरवतेस तसं.” आणि डावपेच सांगताना म्हणत, “समोरचीकडं बघू नका. ती कुठं नाही ते बघा. गाभण म्हैस वळायला किती वेळ घेते? समोरची पोरगी एकदा डावीकडं झुकली की म्हैस समजायची. फूल उजवीकडं.”

पोरी हसायच्या आणि पाठ करायच्या.

या सगळ्यांत मेघना वेगळी निघाली. शेळगावच्या रतनरावांची मुलगी. घरी ऊस, चार म्हशी, आई प्रयागबाई आणि दोन धाकटे भाऊ. उंच, काळीसावळी, बोलायला कमी. पण धार काढून काढून तिच्या बोटांत आणि मनगटात असं काही आलं होतं की फूल तिच्या रॅकेटवर एक क्षण थांबल्यासारखं वाटे. नेटजवळ तिच्यासमोर उभं राहायला बारावीतल्या मुली कचरत. तिला जिंकल्याचा आनंद दाखवता येत नसे. पॉइंट मिळाला की ती फक्त ओढणी कमरेला पुन्हा खोचायची.

जयवंताबाईंना दोन मुलगे होते. मेघनाबद्दल आपल्याला काय वाटतं हे त्यांनी स्वतःशीही कधी नीट बोलून घेतलं नाही. मात्र तिची एसटी उशिरा आली तर सर्व्हिस शिकवताना त्यांचं लक्ष दाराकडं असे.

बारामतीत ग्रामीण शाळांचे सामने एका जुन्या सभागृहात होत. तेही बुटकंच. तिथं मेघनानं लागोपाठ दोन वर्षं ढाल आणली. दुसऱ्या वर्षी सामना संपल्यावर पंच म्हणून आलेले एक वयस्कर गृहस्थ जयवंताबाईंजवळ आले.

“मॅडम, मुलीचा हात फार चांगला आहे. पण हिचा टॉस कुठाय? फूल मागच्या रेघेपर्यंत उंच घालवायचं, ते कधी दिसलंच नाही.”

“गरजच पडत नाही सर,” जयवंताबाई हसून म्हणाल्या. “समोरची तोवर उरत नाही.”

ते गृहस्थही हसले आणि चहाला गेले.

पंच्याण्णव सालच्या श्रावणात मेघना शाळेत आली ती डोळे सुजवून. विचारलं तर “काय न्हाय” म्हणाली. दुसऱ्या एका मुलीकडून कळलं, की बावड्याचे पाहुणे येऊन गेले.

जयवंताबाई रविवारी शेळगावला गेल्या. हे घर त्यांना चांगलं ठाऊक होतं. पहिल्या वर्षी गेल्या होत्या तेव्हा बाकीच्यांना कपबशीत आणि त्यांना काचेच्या ग्लासात चहा आला होता. निघताना ग्लास त्यांनी स्वतःच मोरीत नेऊन विसळला, आणि प्रयागबाईंनी ‘राहू द्या’ म्हटलं नव्हतं. मेघनानं पहिली ढाल आणली त्यानंतर बाईंनाही कपबशी मिळू लागली. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. असल्या गोष्टी बोलून होत नाहीत.

त्या दिवशीही कपबशीच आली. रतनराव ओट्यावर मांडी घालून बसले होते. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही, बाईमाणसाशी अदबीनं बोलायचा.

“बाई, तुमी पोरीचं चांगलंच करताय, त्यात शंका न्हाय. पर बावड्याची सोयरीक चालत आलीया. बागायत हाय, पोरगा दूध संघात हाय. असली मानसं आपल्या दारात यायची कधी?”

“रतनराव, तिला सोळा पुरी नाहीत.”

“म्हनून काय आत्ताच बोहल्यावर चढवतोय व्हय? सुपारी फोडून ठिवू. लगीन काय, हुईल सवडीनं.”

सुपारी फुटल्यावर सवड किती असते ते जयवंताबाईंना माहीत होतं. एक हंगाम.

“कार्तिकात पुण्याला निवड आहे,” त्या म्हणाल्या. “पहिल्या चौघींत आली तर जिल्ह्याच्या संघात घेतील. तिथंच वसतिगृहात राहून शिकता येईल. आणि ती येणार. मी सांगते ना, येणार.”

रतनरावांनी मांडी बदलली.

“बरं. तुमचं बी ऱ्हाऊ द्या. पोरगी पुन्यात निवडून आली, तर दोन वर्सं म्या लग्नाचं नाव काढनार न्हाय. बावड्याला निरोप धाडतो, थांबायचं तर थांबा. पर न्हाय आली, तर तिला तुमी समजवायचं.”

“मी?”

“तुमीच. आमचं ती ऐकत न्हाय. पाव्हणं यायचं म्हटलं तर दोन दिस जेवली न्हाय. तुमी सांगितलं तर उन्हात उभी ऱ्हाईल ती. तुमच्या शब्दावर म्या थांबतो, माझ्यासाठी तुमी एवढं करा.”

जयवंताबाई हो म्हणाल्या. त्या क्षणी त्यांना वाटलं, की आपण काही दिलंच नाही, नुसतं घेऊन निघालो.

प्रयागबाई त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. एसटी दिसायला लागली तेव्हा पदर तोंडावर धरून म्हणाल्या, “बाई, तिला ह्यातलं बोलू नगा. धसका घील. तिला वाटू द्या, नुसता खेळ हाय.”

घरी समाधाननं ऐकून घेतलं आणि जोडे काढता काढता विचारलं, “आणि हरली तर?”

“हरत नाही ती.”

“तसं नाही. हरली तर काय सांगशील तिला?”

“तुम्ही आधी हातपाय धुवा,” जयवंताबाई म्हणाल्या.

चातुर्मासात लग्नं नसतात. हॉल रोज मोकळा. एरवी याच दिवसांची पोरी वाट बघायच्या. त्या वर्षी जयवंताबाईंनी मेघनाला पहाटे, शाळा सुटल्यावर, रविवारीही बोलावलं. पंचांगाची पानं उलटायला काही नसल्यानं आबा रिकामे झाले आणि कधीमधी येऊन कार्यालयाच्या पायरीवर बसू लागले. मेघनाला म्हणायचे, “ए पोरी, बूट सुटलाय बघ,” आणि तिनं खाली बघितलं की हसायचे. तेवढ्यापुरती तीही हसायची.

टॉसचं जयवंताबाईंच्या मनात नव्हतं असं नाही. त्या पंचांचं बोलणं रात्री अंथरुणावर आठवायचं. पुण्यात शिकताना त्यांनी उंच छताचे हॉल पाहिलेले होते. एक दिवस त्यांनी मेघनाला शाळेच्या मैदानावर नेलं आणि सांगितलं, “आता वर मार. जेवढं उंच जाईल तेवढं.” मेघना थबकली. चार वर्षं हात आवरायला शिकलेली पोरगी. तिनं फूल उडवलं ते वाऱ्यानं नेऊन कुंपणाच्या बोरीत अडकवलं. दुसरं आणखी जोरात मारलं, ते मागं जाण्याऐवजी डोक्यावरून आडवंच गेलं. आठवडाभर हे चाललं. मग असं झालं, की हॉलमध्ये आल्यावरही तिचा हात वर जायला लागला. पत्र्यावर खण्ण वाजलं, मालक दोनदा येऊन बघून गेला, आणि वाईट म्हणजे नेटजवळचा तो ठेवल्यासारखा ड्रॉप बिघडला. हाती असलेलं जाईल या भीतीनं जयवंताबाईंनी मैदान बंद केलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुला वर मारायची वेळच येऊ द्यायची नाही. तू आधी मारायचं, ती उरणार नाही.”

मेघनानं मान डोलावली. बाई म्हणतात म्हणजे तसंच.

तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं असताना दोघी पुण्याला गेल्या. रात्री जयवंताबाईंच्या बहिणीकडं उतरल्या. सकाळी हॉलच्या दारातून आत पाऊल टाकल्यावर मेघना थांबली आणि तिनं मान वर केली. छत इतकं उंच होतं, की लोखंडी कैच्यांमध्ये कबुतरं फिरत होती आणि त्यांच्या पंखांचा आवाज खाली येत नव्हता. दिवे पांढरे, डोळ्यांत घुसणारे.

“बाई, हे केवढं हाय?” ती हळू आवाजात म्हणाली.

“खाली सगळं सारखंच असतं. रेघा बघ. सारख्याच आहेत ना?”

रेघा रंगवलेल्या होत्या, हिरव्या मॅटवर पांढऱ्या. मेघनानं पायानं त्या चाचपून बघितल्या. फरशीची फट शोधत असावी.

पहिला सामना ती सहज जिंकली. समोरची शिरूरकडची एक गोरीगोमटी घाबरट पोर होती. सपाट फटके अंगावर आले की डोळे मिटायची. मेघनानं ड्रॉप टाकले, भाकरीसारखे. बाजूला बसलेली माणसं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, “इंदापूरची आहे म्हणे.” जयवंताबाईंनी पर्समधला रुमाल हातात घेतला तो परत ठेवला नाही. आणखी एक सामना, की चौघींत. एकच.

त्या एका सामन्यात समोर पुण्याच्या क्लबातली मुलगी आली. बुटकी, दोन वेण्या घातलेली, मेघनाच्या खांद्याला लागेल एवढी. तिच्या प्रशिक्षकांनी पहिला सामना कोपऱ्यात उभं राहून पाहिला होता. त्यांनी वेण्यावालीच्या कानात दोनच वाक्यं सांगितली.

पहिलीच सर्व्हिस तिनं आभाळात मारली.

मेघनानं वर बघितलं. फूल दिव्यांच्या झोतात शिरलं आणि नाहीसं झालं. ती दोन पावलं मागं गेली, एक पुढं आली आणि फूल तिच्यामागं रेघेवर येऊन पडलं. ते पडल्यावर तिनं वळून बघितलं.

दुसरीही तशीच. तिसरीही. मेघना आता मागं जाऊन उभी राहू लागली, तर वेण्यावालीनं फूल नेटजवळ सोडलं. मेघना धावली, पोचली, आपला ठेवणीतला ड्रॉप टाकला. वेण्यावालीनं तो खालून उचलून पुन्हा आभाळात पाठवला. मेघना उलट्या पावली धावत गेली, मान वर करून, हात वर करून, आणि रॅकेट फुलाच्या कितीतरी आधी फिरली. नुसता वारा कापल्याचा आवाज झाला. कुणीतरी हसलं. वाईट बुद्धीनं नाही. तसं दृश्यच होतं. एवढी उंच, धट्टीकट्टी पोरगी, आणि लहान मूल पतंगाकडं बघतं तशी गोल गोल फिरत होती.

पहिला गेम संपला तेव्हा मेघनाचे दोन पॉइंट झाले होते.

ती बाजू बदलायला आली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. ती जयवंताबाईंसमोर उभी राहिली. दर सामन्यात अशीच उभी राहायची. बाई म्हणायच्या, ‘तिचा बॅकहँड कच्चा आहे’, किंवा ‘ती डावीकडं झुकते’, आणि ती जाऊन तेवढं करून यायची.

“बाई, फूल वर गेलं की मला दिसतच न्हाय. ते कवा खाली येतंय तेच कळत न्हाय. काय करू?”

जयवंताबाईंनी तोंड उघडलं. कोर्टच्या पलीकडं वेण्यावाली पाणी पीत होती. तिचे प्रशिक्षक तिच्याशी बोलतही नव्हते, गरज नव्हती. तिला काही सांगायचं उरलं नव्हतं. जयवंताबाईंच्या मनात जे काही होतं ते सगळं पत्र्याखालचं होतं. म्हैस, तवा, उलथनं, फरशीच्या फटी. वरच्या त्या सगळ्या मोकळ्या जागेबद्दल त्यांनी या मुलीला एकच गोष्ट शिकवली होती, तिकडं जायचं नाही.

“बाई?” मेघनानं पुन्हा विचारलं.

“पाणी पी,” जयवंताबाई म्हणाल्या. “आणि... नेटजवळच ठेव. तिला उंच मारूच देऊ नकोस.”

ते कसं करायचं हे मेघनानं विचारलं नाही. ती ओढणी खोचून परत गेली. दुसऱ्या गेममध्ये ती पहिल्यापेक्षा जास्त धावली. एकदा तर उंचावरून येणारं फूल तिला अचूक मिळालं, आणि तिनं ते इतकं सुंदर खाली ठेवलं की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकदाच. पंचांनी निकाल सांगितला तेव्हा वेण्यावालीला घामही आला नव्हता.

परतीची एसटी दुसऱ्या दिवशी होती, बारामतीवरून. मेघना खिडकीशी बसली. स्वारगेटला घेतलेला वडापाव तिनं सगळा खाल्ला, कागदाची नीट घडी केली आणि खिडकीच्या फटीत खोचली. रडली नाही. गाडी दिवे घाट चढून गेली. मग ती एकदम वळली.

“बाई, म्या इचार करत होते. पुढच्या वर्सासाठी आपन टॉस कुठं शिकायचा? साखर कारखान्याचं गोडाऊन उंच असतंय ना? आमच्या चुलत्याची वळख हाय तिथं. रिकामं असंल तवा इचारू का?”

जयवंताबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. जेजुरीकडचा माळ मागं चालला होता.

“पहाटं गेलं तर वारं बी नसतंय,” मेघना म्हणाली. “आन् दिवं लावलं तर दिव्याकडं बघायची सवय बी हुईल. व्हय का न्हाय?”

“झोप थोडी,” जयवंताबाई म्हणाल्या. “दमली असशील.”

“न्हाय दमले.” पण तिनं डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं तिचं डोकं बाईंच्या खांद्यावर आलं. बारामतीपर्यंत जयवंताबाईंनी खांदा हलवला नाही. तो दुखत होता, आणि दुखतोय ते बरं वाटत होतं.

शेळगावला पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मेघना पिशवी आत टाकून कपडे बदलून तशीच गोठ्याकडं गेली. रतनरावांनी मुलीला काही विचारलं नाही. तिच्या चालण्यावरून कळलं असावं. ओट्यावर घोंगडी टाकली, बाईंना बसवलं.

“न्हाय झालं?”

“नाही.”

“चालायचंच. शहरातली पोरं ती. तुमी लई केलं बाई, आमी इसरनार न्हाय.”

ते रागावले असते तर जयवंताबाईंना काही बोलता आलं असतं. त्यांनी तरी बोलून बघितलं. “रतनराव, चूक तिची नाही. माझ्या शिकवण्यात कमी राहिलं. एक वर्ष द्या. एकच.”

“बाई,” रतनराव नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, “तुमच्या शब्दावर म्या पाव्हण्यांना श्रावणापासनं थांबवलं. आता कुठल्या तोंडानं पुन्यांदा थांबा म्हनू? तुळशीचं लगीन झालं की ती मानसं यायची हाईत. तुमी सांगितलं न्हाय तरी यायची. पर तुमी सांगितलं तर पोरगी उपाशी बसायची न्हाय.” पुढं ते म्हणाले, “गावातल्या आनखी पोरी तुमच्याकडं येत्यात. आमची मेघना जाती म्हनून येत्यात. बाई शब्दाच्या पक्क्या हाईत, असं म्या सगळ्यांना सांगतो.”

ही धमकी होती की नव्हती, हे पुढं कित्येकदा आठवूनही जयवंताबाईंना ठरवता आलं नाही. बहुतेक नव्हती. प्रयागबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी बाईंकडं बघितलं आणि नजर खाली केली.

जयवंताबाई उठल्या आणि गोठ्यात गेल्या.

मेघना म्हशीपुढं पेंड कालवत होती. बाईंना बघून तिनं हात झटकले.

“इथं कशाला आलात बाई? शेण हाय. साडी खराब हुईल.”

“मेघना, मला तुला सांगायचंय.” त्यांनी सांगितलं. बावड्याचे पाहुणे परत यायचे आहेत ते सांगितलं, श्रावणातल्या रविवारचं सांगितलं, ओट्यावर दिलेला शब्द सांगितला. शाळेत नियम सांगताना लागतो तसा त्यांचा आवाज सपाट लागला. दुसरा आवाज त्यांना त्या वेळी सापडला नाही.

मेघनानं सगळं ऐकून घेतलं. तिचे हात पेंडीनं भरलेले तसेच अंगापासून लांब धरलेले होते.

“म्हंजी काल खेळताना तुमाला ठाव होतं?”

“होतं.”

“मला सांगायचं की मग. म्या आनखी पळाले असते.”

“तू पळालीस गं. पळण्याचा प्रश्न नव्हता.”

“मग?”

“मी तुला वर मारायला शिकवलंच नाही.”

मेघनानं हे एखादा डाव समजून घ्यावा तसं मनात घोळवलं. बाई चुकल्या, असं तिच्या चेहऱ्यावर कुठं उमटलं नाही. ते उमटलं असतं तर बरं झालं असतं, असं जयवंताबाईंना वाटलं. बाहेर रतनराव कुणाला तरी हाक मारत होते. म्हशीनं पेंडीच्या घमेल्यात तोंड घातलं.

“तुमी म्हनताय म्हंजी करावंच लागंल,” मेघना शेवटी म्हणाली.

“मी म्हणते म्हणून नको.”

“मग कुनाच्या म्हनन्यावरनं करू?”

मेघनानं बादलीत हात बुडवून धुतले, ओढणीला पुसले. मग सहज विचारावं तसं विचारलं, “बावड्यात कुनी खेळतं का, बाई?”

जयवंताबाई निवडणुकीच्या कामाला एकदा बावड्याच्या शाळेत राहिल्या होत्या. मैदान मोठं होतं. दोन खांब रोवलेले होते.

“व्हॉलीबॉल खेळतात.”

“पोरी?”

“पोरं.”

“पोरंच व्हय,” मेघना म्हणाली. तिनं खाली वाकून खुंट्याचं रेडकू सोडलं. ते आईकडं जायला ओढ घेत होतं. तिनं त्याला दोन्ही हातांनी धरलं, चार घोट पिऊ दिलं आणि मग मागं ओढून बांधलं. बसायची वीट सरकवली, भांडं गुडघ्यांत धरलं आणि धार काढायला बसली.